काटेसाहेबांचा आठवा महिना

काटेसाहेबांनी दोन्ही पाय उचलून समोरच्या खुर्चीवर ठेवले, पाठीमागे उशी सारली, फोन नाकापासून वीतभर अंतरावर धरला आणि निकाल वाचून दाखवावा तसं मोठ्याने वाचलं.

"'नमस्कार. तुमचा सातवा महिना संपत आला आहे. पाय जड वाटत असतील, तर थोडा वेळ उंचावर ठेवा. बाळाचं वजन आता साधारण सव्वा किलो झालं असेल.'"

"साधारण," साहेब तोंड वाकडं करून म्हणाले. "साधारण म्हणजे काय? काट्यावर ठेवलं होतं का?"

वजनाच्या बाबतीत 'साधारण' हा शब्द त्यांना खपत नसे. टेबलावर जुनी पितळी वजनं होती. निवृत्तीच्या वेळी सहकाऱ्यांनी भेट दिलेली. त्यांतलं एक किलोचं आणि एक दोनशे ग्रॅमचं त्यांनी उचललं, पन्नास ग्रॅमचं वर ठेवलं आणि तळहात वरखाली करत अंदाज घेतला. गेल्या आठवड्यापेक्षा वाढ चांगली होती. वजनं जागेवर ठेवताना त्यांनी ती नेहमीसारखी आपटली नाहीत, हळूच ठेवली.

तेवढ्यात दारावर थाप पडली. साहेबांनी फोन उशीखाली सारला आणि पाय खाली घेतले.

दारात घड्याळजी उभे होते. खालच्या मजल्यावर राहणारे हे गृहस्थ घड्याळं दुरुस्त करत. आता घड्याळ दुरुस्त करून घ्यायला कोणी येत नसे, म्हणून ते स्वतःचीच घड्याळं पुन्हा पुन्हा दुरुस्त करत.

"साहेब, जरा हात लावायला खाली चला. लंबकाचं घड्याळ त्या भिंतीवरून या भिंतीवर घ्यायचंय."

"मला जमणार नाही."

"का?"

"जड उचलायची मनाई आहे."

"कोणी केली?"

"दवाखान्यातून."

घड्याळजींनी त्यांना खालून वरपर्यंत न्याहाळलं. चेहऱ्यावर तजेला होता. दाढी केलेली होती. खिडकीत पाण्याची भरलेली बाटली, तिच्याशेजारी सफरचंद.

"आजारी तर दिसत नाही तुम्ही. उलट अंग धरलंय."

"आजार नाही. देखरेख आहे." साहेबांनी विषय संपवण्याच्या सुरात सांगितलं. "दर सोमवारी विचारपूस करतात. पाणी प्या, हिरवी भाजी खा, डाव्या कुशीवर झोपा."

"फोनवर?"

"फोनवर."

"मी त्याच दवाखान्यात जातो," घड्याळजी म्हणाले. "मला आजवर एकच मेसेज आला. तुमची कवळी तयार आहे, घेऊन जा." आणि घड्याळाचं नावही न काढता ते जिना उतरून गेले. त्यांना चांगलंच लागलं होतं.

काटे हे काही साहेबांचं आडनाव नव्हे. वजनमापांचे निरीक्षक म्हणून त्यांनी हयात काढली. बाजारात त्यांची पावलं वाजली की दुकानदार तराजूखाली चिकटवलेलं मेण खरवडू लागत. नाव दुकानदारांनीच पाडलं. नोकरीत असताना ते पाठीमागे घेत, निवृत्तीनंतर तोंडावर घेऊ लागले. साहेबांनी कधी कोणाचा पेलाभर चहा घेतला नाही, की खोट्या वजनाकडे काणाडोळा केला नाही. खरं वजन सापडलं की त्यावर शिक्का ठोकायचा, तो एकदाच, आणि असा की दुसऱ्यांदा ठोकायची पाळी येऊ नये.

निवृत्तीनंतर लेकीने फोन घेऊन दिला, तोही त्यांनी याच पद्धतीने चालवला. बटण दिसलं की अंगठा ठेवायचा आणि दाबून धरायचा. फोन गडबडून भलतंच काहीतरी उघडायचा. साहेब म्हणायचे, यंत्रात दोष आहे.

दवाखान्यातही तसंच झालं. कोपऱ्यावरच्या त्या दवाखान्यात पूर्वी खिडकीत बसून एक बाई चिठ्ठी द्यायच्या. देताना "काय काका, आज काय दुखतंय?" असं विचारायच्या. मान वर न करता विचारायच्या, पण विचारायच्या. मग एक दिवस खिडकी बंद झाली आणि तिच्यासमोर खांबावर बसवलेला एक कॉम्प्युटर आला. साहेब गेले होते गुडघे दाखवायला. पडद्यावर चौकोन होते. डोळे, दात, हाडं, ज्येष्ठ नागरिक आणि खाली आणखी बरेच. साहेबांनी 'ज्येष्ठ नागरिक'वर अंगठा ठेवला आणि ठसा नीट उमटावा म्हणून दाबून धरला. पडदा सरकला. अंगठ्याखाली दुसराच चौकोन आला, आणि शिक्का बसला तो त्यावर.

कॉम्प्युटरने 'अपेक्षित तारीख' विचारली. या दवाखान्याचा कारभार पाहता पुन्हा नंबर लागायला सहा महिने सहज जातील, असा हिशेब करून साहेबांनी लांबची तारीख टाकली. कॉम्प्युटरने त्यांचा फोन नंबर आणि पत्ता घेतला, मग जवळच्या व्यक्तीचा नंबर मागितला. त्यांनी लेकीचा दिला. नाव काय, पुरुष की बाई, हे काही कॉम्प्युटरने विचारलं नाही. त्या चौकोनात एखादा पुरुष येऊन पडेल असं त्याच्या बापालाही वाटलं नसणार. शेवटी पडद्यावर रंगीत फुगे उडाले आणि 'अभिनंदन' अशी अक्षरं आली. कोणाच्या मदतीशिवाय मशीन चालवल्याबद्दल हे अभिनंदन असावं, असं समजून साहेब खुशीत घरी परतले. गुडघे दाखवायचे राहिलेच.

कशाबद्दल अभिनंदन झालं, ते सोमवारी कळलं.

'गरोदर मातांसाठी' अशा मथळ्याचा मेसेज वाचून साहेबांचं डोकं फिरलं. तक्रार करायला म्हणून त्यांनी पायांत चपला सरकवल्यासुद्धा. चुकीचं माप माहीत असून चालू ठेवणं म्हणजे गुन्हा, हे त्यांनी आयुष्यभर लोकांना बजावलं होतं. पण अर्धवट वाचलेल्या कागदावर कारवाई करायची नाही, हाही त्यांचाच नियम. म्हणून दारात उभं राहून त्यांनी मेसेज शेवटपर्यंत वाचला. शेवटी एक प्रश्न होता.

'आज तुम्हाला कसं वाटतंय? एक: छान. दोन: ठीक. तीन: थकल्यासारखं.'

साहेबांनी तो पुन्हा वाचला. प्रश्न सरळ होता आणि त्याला खरं उत्तर होतं. त्यांनी तीनवर अंगठा दाबला.

लगेच उत्तर आलं. 'थकवा येणं स्वाभाविक आहे. त्यासाठी स्वतःला दोष देऊ नका. शक्य असेल तर आता थोडं पडा. आम्ही तुमच्यासोबत आहोत.'

साहेबांनी चपला काढल्या आणि ते पडले. बायको गेल्यापासून दुपारी आडवं व्हायची त्यांना चोरी वाटत असे. घरात दुसरं कोणी नसताना झोपणारा माणूस आळशी, असं त्यांचं मत होतं. त्या दुपारी परवानगीने झोपल्यासारखे ते झोपले आणि उठले तेव्हा त्यांना बरं वाटलं. इतकं बरं वाटलं, की त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

तक्रार उद्यावर गेली. उद्याची परवावर गेली. मग पुढचा सोमवार आला.

लेक दर रविवारी फोन करायची. दुसऱ्या शहरात तिची नोकरी, तिचा संसार, तिची धावपळ. "बाबा, गोळ्या घेतल्या?" "घेतल्या." "बरं आहे ना?" "बरं आहे." "ठेवू मग?" "ठेव." यात तिचं काही चुकत होतं असं नाही. पण तिच्या प्रश्नाला एकच उत्तर चालत होतं. कॉम्प्युटर निदान तीन तरी देत होता.

आणि तो विचारायचा काय काय. रात्री झोप लागते का? कंबर दुखते का? उगीच रडू येतं का? घरात मनातलं बोलायला कोणी आहे का? साहेब चष्मा पुसून, प्रत्येक प्रश्न दोनदा वाचून, शपथेवर द्यावीत तशी उत्तरं देत. कंबर दुखते, होय. झोप लागते, नाही. बाळाच्या हालचालींचा प्रश्न आला की तो मात्र कोरा सोडत. खोटं लिहायला त्यांचा हात धजत नसे.

एका सोमवारी मेसेजात लिहून आलं, की या दिवसांत जोडीदार शेजारी नुसता बसला तरी बाईला आधार वाटतो. साहेबांनी फोन खाली ठेवला. लेकीच्या वेळी ते फिरतीवर होते. गावोगावचे तराजू तपासत होते. बायकोची कंबर दुखली असेल, पाय सुजले असतील. तिने कधी सांगितलं नाही आणि यांनी कधी विचारलं नाही. घरी आले की "सगळं ठीक ना?" म्हणायचे. ती म्हणायची, "ठीक." त्या दिवशी साहेब हिरवी भाजीसुद्धा न खाता उठले.

आठवा महिना लागला तसा त्यांचा जीव वरखाली होऊ लागला. अपेक्षित तारखेला आता कॅलेंडरची दोनच पानं उरली होती. ती उलटली की हे सगळं संपणार, हे सांगायला कोणी ज्योतिषी नको होता. एक मन म्हणायचं, आपण होऊन जावं, चूक दुरुस्त करून घ्यावी, इतकी वर्षं लोकांना दुसरं काय शिकवलं? दुसरं मन म्हणायचं, तारीखच थोडी पुढे ढकलता आली तर? असा विचार आपल्या डोक्यात आला याचाच त्यांना धक्का बसला. तराजूला मेण लावणारे दुकानदार याहून वेगळं काय करत होते?

या विचारात असतानाच मेसेज आला. 'तुम्ही एकाही तपासणीला आला नाहीत. आम्हाला काळजी वाटते. आमच्या सिस्टर तुमच्या घरी येतील.'

साहेबांची पाचावर धारण बसली.

सिस्टर आल्या त्या सकाळीच. ठेंगण्या, भरभर चालणाऱ्या, एका खांद्यावर पिशवी, दुसऱ्या हातात वजनाचा काटा. साहेबांची नजर आधी काट्याकडे गेली.

"याची पडताळणी झालीय का?" त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"काका, ती कुठे आहे?" सिस्टरनी विचारलं.

"कोण?"

"कोण काय? तुमची सून, मुलगी, जी कोणी असेल ती. आठवा महिना चालू आहे आणि एक तपासणी नाही. बोलवा तिला."

साहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. सिस्टरनी त्याचा भलताच अर्थ काढला. त्यांनी काटा धप्पकन खाली ठेवला आणि आपला हातातला छोटा कॉम्प्युटर उघडला.

"मी सगळं वाचून आलेय, काका. तिला रात्र रात्र झोप नाही. कंबर दुखते. 'घरात कोणी मदत करतं का?' तिने लिहिलंय, नाही. 'मनातलं बोलायला कोणी आहे का?' नाही. तुम्ही या घरात असताना ती 'नाही' लिहिते. तुम्हाला काही वाटतं का?"

"वाटतं," साहेब पुटपुटले.

"वाटून काय उपयोग? तुम्ही इथे पाय वर करून बसायचं," त्या खुर्चीकडे, उशीकडे बोट दाखवत म्हणाल्या, "आणि ती बिचारी मशीनजवळ मन मोकळं करतेय. घरचं माणूस विचारत नाही तेव्हाच बाई मशीनला सांगते. बाई, बाहेर या, घाबरू नका," असं आतल्या खोलीच्या दिशेने मोठ्याने म्हणून त्या सरळ आत गेल्या.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असा तो प्रकार चालला होता. पण कळशाने तोंड उघडायचं कसं? साहेब जागच्या जागी उभे राहून ऐकत राहिले. आतलं दार उघडल्याचा आवाज आला. मग स्वयंपाकघरातलं.

त्याच वेळी फोन वाजला. रविवार नव्हता, तरी लेकीचा होता. साहेबांनी सवयीप्रमाणे अंगठा दाबून धरला आणि तिचा आवाज साऱ्या खोलीत घुमू लागला.

"बाबा, घरात कोण आहे?"

"सिस्टर आल्यात."

"आणखी कोण?"

"आणखी कोणी नाही."

"बाबा, मला दवाखान्यातून मेसेज आलाय." लेकीने मोठा श्वास घेतला. "'तुमच्या जवळच्या व्यक्तीला आठवा महिना आहे, त्यांना तुमच्या आधाराची गरज आहे.' खाली तुमचा नंबर, तुमचा पत्ता. हे बघा, मी चिडलेली नाही. आई जाऊन इतके दिवस झाले, तुमचं आयुष्य आहे, तुम्ही काय ते ठरवा. पण निदान मला सांगायचं तरी होतं. कोण आहेत त्या? वय काय त्यांचं?"

साहेबांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"तसं काही नाही गं."

"मग कसं आहे?"

सिस्टर बाहेर आल्या होत्या. मघासारख्या भरभर नव्हे. आत त्यांना एक टॉवेल दिसला होता, एक ताट पालथं घातलेलं, दोरीवर एकाच माणसाचे कपडे.

"ताई, मी सिस्टर बोलतेय," त्या फोनकडे वाकून म्हणाल्या. "मीही तिलाच शोधतेय. या घरात बाई नाही."

"मग मेसेज कोणाला जात होते?"

"काकांच्या फोनवर."

"आणि उत्तरं कोण देत होतं?"

सिस्टर पडद्याकडे पाहू लागल्या. मघाशी आरोपपत्र वाचावं तसं वाचलेलं त्यांनी आता पुन्हा वाचायला घेतलं, हळू आवाजात. "'आज कसं वाटतंय?' थकल्यासारखं. 'उगीच रडू येतं का?' कधी कधी. 'एकटं वाटतं का?' होय." त्या थांबल्या. "दर सोमवारी उत्तर दिलंय, ताई. एकही सोमवार चुकवलेला नाही."

सिस्टरनी कॉम्प्युटर मिटला आणि इतका वेळ ज्याला झाडत होत्या त्या माणसाकडे त्यांनी पहिल्यांदाच नीट पाहिलं. साहेब खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. गुन्हा कबूल करायची वेळ आली की दुकानदार असेच उभे राहायचे. ते दृश्य त्यांनी नेहमी काट्याच्या दुसऱ्या बाजूने पाहिलं होतं.

"बाबा," लेक म्हणाली. "तुमच्याकडून चुकून काही दाबलं गेलं का?"

मोकळं होण्याची वाट समोर होती. हो म्हणायचं, हसायचं, यंत्रात दोष आहे म्हणायचं. लेकही हसली असती. पुढच्या रविवारी तिने विचारलं असतं, बरं आहे ना, आणि यांनी सांगितलं असतं, बरं आहे.

"पहिली नोंद चुकीची आहे," साहेब म्हणाले. "माझा अंगठा सरकला. ती रद्द करावी लागेल, ते मी सिस्टरना लिहून देतो."

"आणि बाकीचं?"

साहेबांनी एकदा टेबलावरच्या वजनांकडे पाहिलं.

"उत्तरं बरोबर आहेत," ते म्हणाले.

सिस्टर मान वळवून पिशवीत काहीतरी शोधायला लागल्या. पिशवीत शोधण्यासारखं फारसं काही नव्हतं. फोनमधून आधी कोणाचीतरी हाक ऐकू आली, मग लेकीचा "नंतर, आत्ता नाही" असा आवाज. दार लावल्याचा आवाज आला. मग फरशीवरून खुर्ची ओढल्याचा.

"बसलेय मी," लेक म्हणाली. तिचा आवाज जड झाला होता, पण तो तिने नेटाने सरळ केला. "तुम्हीही बसा. आणि आता सांगा. कंबरेपासून सुरुवात करा."